मुखेडकर सरांचा गिअरबॉक्स

मुखेडकर सर मला कधीच आवडले नाहीत. हे आधीच सांगितलेलं बरं. गेल्या महिन्यात लातूरच्या एका क्लासवाल्यानं त्यांच्या नावानं 'आदर्श गुरू' पुरस्कार सुरू केला आणि जुना सहकारी म्हणून मला चार शब्द बोलायला बोलावलं. मी तब्येतीचं कारण सांगून टाळलं. हार घातलेल्या फोटोसमोर जे बोलावं लागलं असतं ते माझ्या तोंडून निघालं नसतं, आणि जे बोलावंसं वाटत होतं त्याला क्लासवाल्यानं माईक दिला नसता.

तसे आम्ही दोघंही मूळचे नांदेडचे. मी लातूरच्या एका ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवायला लागलो तेव्हा सर तिथं आधीपासून फिजिक्स शिकवत होते. नांदेडची नोकरी त्यांनी भांडून सोडली होती. सकाळच्या प्रार्थनेनंतर मुख्याध्यापक मुलांना वीज कशी पडते ते सांगत होते आणि सर शिक्षकांच्या रांगेतून मोठ्यानं म्हणाले, "चूक. पुढं बोलण्याआधी वाचून या." आठशे पोरं हसली. नंतर दोघांपैकी एकानं जाणं भागच होतं. अर्थात चूक मुख्याध्यापकांचीच होती. मुखेडकर सरांच्या बाबतीत वाईट गोष्ट हीच, की हा माणूस बहुतेक वेळा बरोबर असायचा.

त्यांच्या घराची वरची खोली मला भाड्यानं मिळाली. पहिल्याच दिवशी त्यांनी मला बुटांपासून डोक्यापर्यंत बघून घेतलं आणि विचारलं, "गणित शिकवता? म्हणजे पाठ करून घेता." त्या दिवसापासून मी 'गणितवाले' झालो. माझं नाव त्यांनी एकदाही घेतल्याचं आठवत नाही.

अंगानं वाळका माणूस. शर्टाचं वरचं बटण उन्हाळ्यातही लावलेलं. नखांच्या कडा तेलानं काळ्या. समोरचा बोलायला लागला की सर मनगटावरच्या घड्याळाला चावी द्यायला लागायचे. कर्र कर्र आवाज व्हायचा. बोलणाऱ्याचं वाक्य संपायच्या आत चावी पूर्ण झाली तर सर उठून जायचे. स्टाफरूममधल्या सगळ्यांना ते 'शहाणे' म्हणायचे आणि तो शब्द त्यांच्या तोंडून शिवीसारखाच यायचा.

त्यांची मोटारसायकल मात्र सगळ्या लातुरात माहीत होती. नांदेडला असताना त्यांनी ती निजामाच्या काळातल्या एका पोलीस अमलदाराच्या नातवाकडून घेतली होती. त्या नातवाच्या घरामागच्या पडवीत ती पडून होती आणि तिच्यावर कोंबड्या बसायच्या. महायुद्धाच्या सुमाराची, विलायती, अंगानं म्हशीसारखी. टाकीवरची अक्षरं खरवडून गेलेली. कंपनी कोणती असं कुणी विचारलं की सर म्हणायचे, "ज्याला बघून कळत न्हाई त्याला सांगून काय उपयोग?" मला वाटतं, त्यांना तो प्रश्न विचारला जाणं फार आवडत असावं. नाहीतर त्यांनी अक्षरं पुन्हा रंगवून घेतली असती.

त्या गाडीला एकच रोग होता. ती दुसऱ्या गिअरमधून सुटायची. चढावर, किंवा मागं कुणी बसलेलं असताना, खालून खट्ट आवाज यायचा आणि इंजिन नुसतंच बोंबलायला लागायचं. गाडी पुढं जायची बंद. सरांनी तो गिअरबॉक्स कुठल्याही मिस्त्रीला हात लावू दिला नव्हता. सलग सुटी दिसली की स्वतः उघडायचे.

तो सोहळा वरच्या गॅलरीतून मी कितीदा तरी पाहिला. अंगणात पांढरं स्वच्छ धोतर अंथरलं जायचं. गिअरबॉक्सचं कवच गाडीतच राहायचं. सर आधी त्यातलं काळं तेल परातीत काढायचे, मग किक आणि क्लचच्या बाजूचं झाकण सोडवायचे, आणि मग दोन्ही शाफ्ट सगळ्या गराऱ्यांसकट, म्हणजे दातेरी चाकांसकट, अलगद बाहेर ओढायचे, वासरू ओढून काढावं तसे. मग एकेक गरारी, मधल्या चकतीसारखा एकेक वायसर, गराऱ्या इकडून तिकडं सरकवणारे दोन फोर्क, सगळं रॉकेलनं धुऊन धोतरावर ओळीनं. ज्या क्रमानं निघालं त्याच क्रमानं. गराऱ्यांच्या दातांना तेलात कालवलेली नीळ लावायचे, शाफ्ट हातानं फिरवायचे आणि नीळ कुठं पुसली गेली ते बघून कोणता दात कुठं टेकतो ते ओळखायचे. कुठं केसाएवढी ढिलाई दिसली की पितळेचा पातळ पत्रा कात्रीनं गोल कापून त्याची चकती मध्ये घालायचे. परत जोडायचे, फिरवायचे, कान लावायचे. परत खोलायचे.

आणि हे सगळं करताना ते गराऱ्यांशी बोलायचे. "तुम्ही जरा इकडं या. हां. तुम्हाला कोण ढकलून राहिलं?" गरारीला तुम्ही, आणि आतून चहा घेऊन आलेल्या बायकोला, "ठेव तिथं. सावली पाडू नको."

त्यांच्या पत्नी सुमनताई. त्या मला भाऊजी म्हणायच्या. गिअरबॉक्स उघडा असेपर्यंत त्यांनी अंगण झाडायचं नाही, पाखडायचं नाही, वाळवण घालायचं नाही, कारण धूळ उडते. एकदा सणाच्या दिवशी त्यांनी दारापुढं रांगोळी काढली तर सरांनी पायानं पुसून टाकली. "दगडाचा भुगा हाय तो. बेअरिंगमध्ये गेला म्हणजे?" सुमनताईंनी रांगोळीचा डबा आत नेला. त्या फार कमी बोलायच्या. पण त्यांचा भाऊ गोविंद आला की घरात हसण्याचा आवाज यायचा.

गोविंदचं गाव औशाच्या पुढं, किल्लारीच्या बाजूला. शेती होती. भुईमुगाच्या शेंगांचं गाठोडं घेऊन यायचा आणि सरळ धोतराशेजारी उकिडवा बसायचा. एका दिवाळीत त्यानं एक गरारी उचलली, उलटीसुलटी केली आणि म्हणाला, "दाजी, एवढं खोलायचं कशाला? दुसरा टाकूच नका की. पहिल्यावरून डायरेक तिसरा टाका."

स्वयंपाकघरात सुमनताई तोंडाला पदर लावून हसल्या. वर मी हसलो. सरांनी गोविंदच्या हातातली गरारी काढून घेतली, पुन्हा रॉकेलनं धुतली, जागेवर ठेवली, आणि तो परत जाईपर्यंत त्याच्याशी एक शब्द बोलले नाहीत. जाताना तो पाया पडला तर सर घड्याळाला चावी देत होते.

पुढच्या वर्षी गणपतीच्या सुट्यांत सरांनी गिअरबॉक्स उघडला. अनंत चतुर्दशीचं विसर्जन झालं आणि पहाटे जमीन हलली. मी जिन्यावरून कसा खाली आलो ते मला आठवत नाही. गल्लीत सगळे उभे होते, कुणी लेकराला घेऊन, कुणी देवाचं नाव घेत. सुमनताई एकट्या होत्या. सर बाहेर आले होते, पण परत फिरून आत गेले होते. पावसाची चिन्हं म्हणून रात्री त्यांनी धोतर तसंच उचलून ओसरीत ठेवलं होतं आणि हादऱ्यानं त्यातल्या गराऱ्या घरंगळल्या होत्या. शेजारचे म्हातारे गृहस्थ सामाईक ओसरीतून धावताना त्या धोतरावरून गेले असावेत. पायाखालची जमीन अजून कापत होती आणि सर त्या म्हाताऱ्यावर ओरडत होते, "डोळे फुटले का तुमचे?"

उजाडल्यावर बातम्या यायला लागल्या. आधी कुणी म्हणालं, औशाकडं काही घरं पडली. मग कुणी म्हणालं, गावंच्या गावं गेली. ज्या गावांची नावं लोक घेत होते त्यात गोविंदचं गाव होतं. सुमनताईंनी पिशवीत एक लुगडं, थोडी भाकरी आणि पाण्याची बाटली भरली आणि त्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"मला घेऊन चला," त्या म्हणाल्या.

"गाडी उघडी हाय. जोडतो, मग निघू."

तेवढ्यात आमच्या कॉलेजातले काही जण जीपनं तिकडंच निघाले होते. मी त्यांना घरापाशी थांबवलं आणि सुमनताईंसाठी जागा करून घेतली. त्यांनी चप्पल पायात घातली होती. सर धोतरावरून मान वर न करता म्हणाले, "ती माझ्याबरोबर येईल. त्या ड्रायव्हरला क्लच आणि ब्रेक यातला फरक कळत न्हाई. आणि हे शहाणे तिथं जाऊन काय करणार? गर्दी."

सुमनताई थांबल्या. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर नवऱ्याचं ऐकायची सवय पायांना लागलेली असते. जीप गेली.

मग जे झालं ते मी समोर उभं राहून पाहिलं आणि त्या माणसाबद्दल माझं जे मत झालं ते आजवर बदललेलं नाही. सर गिअरबॉक्स जोडायला बसले. रोजच्यासारखे. एकेक गरारी पुसून, उजेडाकडं धरून. दोन्ही शाफ्ट आत बसवले, फिरवून पाहिले, कान लावला आणि मान हलवली. परत बाहेर काढले. मी म्हणालो, "सर, आता कसंही बसवा. पोचण्यापुरतं."

"आणि रस्त्यात दुसऱ्यातून सुटली तर? तिथं धक्का मारायला तुम्ही येणार का?"

"दुसरा टाकू नका."

हे बोलल्यावर माझ्या लक्षात आलं की मी गोविंदचंच वाक्य बोललो. सुमनताईंच्याही ते लक्षात आलं. त्या उंबऱ्यावर बसल्या होत्या, पिशवी मांडीवर. सरांनी पितळेचा पत्रा घेतला, कात्रीनं हळूहळू गोल कापला, कानशीनं कडा घासली. कानशीचा तो आवाज, आणि रस्त्यावरून औशाकडं जाणाऱ्या गाड्यांचा आवाज. सुमनताई मधूनच म्हणायच्या, "झालं का?" आणि सर म्हणायचे, "होऊन राहिलं."

उन्हं डोक्यावर आली. सरांनी तिसऱ्यांदा शाफ्ट बाहेर काढले, तेव्हा सुमनताई उठल्या. अंगणातून जाताना धोतराला वळसा घालून गेल्या नाहीत. सरळ त्याच्यावरून गेल्या. एक-दोन वायसर पायाला लागून उडाले. मी त्यांच्यामागं धावलो. हमरस्त्यावर ताडपत्र्या घेऊन चाललेला एक ट्रक त्यांनी हात करून थांबवला आणि आम्ही दोघं मागं चढलो.

त्या गावात काय पाहिलं ते मी लिहिणार नाही. ज्यांनी पाहिलं त्यांना सांगायची गरज नाही. गोविंद सकाळीच सापडला होता. गावातल्या एका माणसानं सांगितलं, "झोपेतच गेला, ताई. घराचं माळवद बसलं अंगावर. तरास न्हाई झाला." पाऊस येईल अशी भीती होती, माणसं फार होती, लाकडं थोडी होती, म्हणून लोकांनी थांबायचं नाही असं ठरवलं होतं. आम्ही पोचलो तेव्हा गोविंदची चिता इतर सगळ्यांबरोबर पेटून बराच वेळ झाला होता. कॉलेजची जीप आली होती त्या वेळी त्याला एका दरवाज्याच्या फळीवर ठेवलेलं होतं, चेहरा उघडा होता, माझ्या खोलीवर नेहमी येणाऱ्या एका सहकाऱ्यानं त्याला ओळखलं होतं आणि त्याची बहीण येतेय का बघू म्हणून थोडं थांबायलाही सांगितलं होतं. हे त्यानं सुमनताईंना सांगितलं. सांगायला नको होतं. त्या धुराकडं तोंड करून बसल्या.

दिवस कलताना सर आले. दुरूनच आवाज आला. रस्ते ढिगाऱ्यांनी भरलेले, जीपा अडकलेल्या, आणि ही गाडी त्या दगडमातीच्या चढावरून दुसऱ्या गिअरमध्ये, न थांबता, वर आली. लोक बाजूला झाले. सरांनी ती स्टँडवर लावली, सुमनताईंपर्यंत चालत गेले, इकडंतिकडं बघितलं. कुणीतरी त्यांना गोविंदचं सांगितलं. सरांनी गाडीकडं वळून बघितलं. मग म्हणाले,

"लातूरपासून इथपर्यंत दुसरा एकदाही सुटला न्हाई."

मला आजही वाटतं, त्या माणसाला सांत्वनाचं दुसरं काही येतच नसावं. पण ते माझं वाटणं झालं. सुमनताईंनी वर बघितलं आणि परत धुराकडं बघायला लागल्या. पुढं घरी आल्यावर सर एकदा म्हणाले, "आधी पोचून काय झालं असतं? तो पहाटेच गेला होता." हिशोब बरोबर होता. त्यांचा हिशोब नेहमीच बरोबर असायचा.

त्यानंतर सुमनताई त्या मोटारसायकलवर बसल्या नाहीत. त्या तिकडच्या मदत केंद्रात जायला लागल्या, एसटीनं, अनाथ झालेल्या लेकरांना सांभाळायला. तिथं एका संस्थेच्या बाईंची ओळख झाली. किनवट तालुक्यात, इस्लापूरला, त्यांचं मुलींचं वसतिगृह होतं. जंगलातल्या गावांमधल्या मुली तिथं राहून शिकायच्या. त्यांना सांभाळायला बाई हवी होती. पुढच्या जूनमध्ये सुमनताईंनी ट्रंक भरली आणि मला हाक मारली, "भाऊजी, स्टँडपर्यंत ही जरा आणता का?"

सर अंगणात धोतरापाशी होते. मला म्हणाले, "बघा, गणितवाले. लोकांच्या पोरींना भाकरी थापून घालायला चालली."

"हाव," सुमनताई म्हणाल्या, "त्यासाठीच चालले."

यानंतरच लातूरचे ते दिवस आले. दहावी-बारावीच्या यादीत लातूरची नावं झळकायला लागली आणि साऱ्या मराठवाड्यातून, पार सोलापूर-विदर्भाकडूनही, पोरं पत्र्याच्या ट्रंका घेऊन उतरायला लागली. ज्याच्याकडं रिकामा हॉल होता त्यानं क्लास काढला, ज्याच्याकडं रिकामी खोली होती त्यानं मेस काढली. सर या सगळ्यावर थुंकायचे. "गाईडं चघळणारी जनावरं," असं स्टाफरूममध्ये मोठ्यानं म्हणायचे. त्यांचा एक जुना विद्यार्थी होता, बिराजदार. वर्गात त्याला ते उभं करून म्हणायचे, "ह्याच्या मेंदूचे दात झिजलेत. कुठंच अडकत न्हाई." त्या बिराजदारनं मोठा क्लास काढला आणि एक दिवस तो तिथं शिकवायला या म्हणून सरांकडं आला. पैशाचं बोलला तेव्हा सर चावी देत राहिले. मग तो म्हणाला, "सर, चौकात तुमचा फोटो लावतो. गाडीवर बसलेला."

चावी थांबली.

चौकात तीन मजली फलक लागला. मोटारसायकलवर मुखेडकर सर, खाली लिहिलेलं 'भौतिकशास्त्राचा बादशहा'. कॉलेजातून घरी यायला तो चौक लागत नव्हता. सर रोज वळसा घालून त्या चौकातून यायला लागले. मी एकदा त्यांना पाहिलं. गाडी कडेला लावून, किक दुरुस्त करायचं नाटक करत, मान तिरपी करून वर बघत होते.

क्लासात ते कसे शिकवायचे? उत्तम. हे नाकारता येत नाही. पण त्याहून उत्तम ते अपमान करायचे, आणि पालकांना तेच आवडायचं. "सर लई शिव्या घालतात," असं बाप लोक अभिमानानं सांगायचे, जणू शिव्या घातल्यावर फिजिक्स डोक्यात उतरतं. पोरं मान खाली घालून बसायची. सर फळ्याकडं तोंड करून म्हणायचे, "समजलं न्हाई त्यांनी हात वर करा. म्हणजे मला कळेल कोणाच्या बापाचं नुकसान होऊन राहिलं." कुणीच हात वर करायचं नाही. बिराजदारला वाटायचं, सगळ्यांना समजलं.

मुरुडची एक मुलगी होती, वंदना. बाप शिंपी. तिनं एकदा हात वर केला. सरांनी तिला पुढं बोलावलं, फळ्यावर उदाहरण दिलं. तिला आलं नाही. त्यांनी बापाला बोलावून घेतलं आणि सगळ्या वर्गासमोर सांगितलं, "हिला घेऊन जा. हिच्यानं होणार न्हाई. मशीनवर बसवा, चार ब्लाऊज तरी शिवेल." बाप टोपी हातात घेऊन उभा होता. तो मुलीकडं बघून म्हणाला, "चल माय." मुलगी म्हणाली, "मी न्हाई येणार." ती गेली नाही. दुसऱ्या तुकडीत, एका नवख्या मास्तराकडं, मागच्या बाकावर जाऊन बसली, आणि वर्षाअखेरीला तिला मेडिकलला प्रवेश मिळाला. पेढे घेऊन ती सरांच्या घरी आली तेव्हा मी तिथंच होतो. तिनं पेढ्यांचा बॉक्स पुढं केला. वाकली मात्र नाही. सरांनी पेढा घेतला नाही. म्हणाले, "यंदा पेपर सोपा होता."

"हो सर," ती म्हणाली, "सगळ्यांनाच सोपा होता." आणि बॉक्स माझ्या हातात देऊन गेली. पेढे चांगले होते. मी ते सगळे वर नेऊन खाल्ले.

मग हळूहळू परीक्षेची तऱ्हा बदलली. चार पर्यायांतून एकावर खूण करायची. बिराजदारला आता उत्तर आणायची झटपट युक्ती सांगणारे, टाय घातलेले तरुण मास्तर हवे होते. त्यानं सरांचे तास कमी केले, मग पहिल्या तुकडीतून काढलं, आणि एका उन्हाळ्यात चौकातल्या फलकावर दुसऱ्याच कुणाचा चेहरा लागला. सरांचं वळसा घालून यायचं तेवढं बंद झालं.

त्याच सुटीत त्यांनी गिअरबॉक्स उघडला. माझ्या डोळ्यांदेखतची ती शेवटची वेळ. सरांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता आणि हात थरथरायचा, पण ते कबूल करत नव्हते. धोतर आता पिवळट झालं होतं. कात्रीनं कापलेली चकती गोल यायची नाही. गरारी डोळ्याजवळ नेऊन ते दात मोजायचे, पुन्हा मोजायचे. तरी अखेर सगळं आत गेलं, झाकण बसलं, बोल्ट आवळले. मी चहाचा कप द्यायला खाली आलो होतो. सरांनी हात पुसले, धोतर झटकायला उचललं आणि त्यातून एक वायसर टिणकन फरशीवर पडला.

तो फिरत फिरत माझ्या पायापाशी येऊन आडवा झाला. मी बघितला. त्यांनी मला बघताना बघितलं. खरं तर त्या वायसरची जागा आत कुठं आहे हे त्यांना झोपेतून उठवलं तरी सांगता आलं असतं. दुसऱ्या कुणाच्या हातून असा वायसर उरला असता तर सरांनी त्याच्या सात पिढ्यांची अक्कल काढली असती. त्यांनी तो वाकून चाचपडत उचलला आणि खिशात टाकला.

"जास्तीचा हाय," ते म्हणाले.

माझ्या तोंडावर काय होतं ते मला माहीत नाही, पण ते त्यांना दिसलं असावं. चार दिवसांनी सर जिन्याखाली उभं राहून ओरडले की वरच्या मोरीचं पाणी भिंतीत मुरून राहिलंय, खोली खाली करा. मोरी कोरडी होती. मी खोली सोडली. तोपर्यंत माझं नांदेडला नोकरीचं जमलंही होतं. निरोप घ्यायला गेलो तर दार आतून बंद होतं आणि आत कर्र कर्र चावी देण्याचा आवाज येत होता.

काही वर्षांनी बोर्डाच्या परीक्षेच्या वेळी मला भरारी पथकात घातलं. आमची गाडी किनवटकडून इस्लापूरला आली. तिथल्या केंद्रावरचा पेपर संपल्यावर वसतिगृहातच जेवणाची सोय आहे, असं कुणी म्हणालं. मी आत गेलो. पत्र्याच्या शेडमध्ये मुलींची रांग लागली होती, प्रत्येकीच्या हातात ताट. वाढायला सुमनताई उभ्या होत्या. केस पांढरे झाले होते, आवाज मात्र मोठा झाला होता. मला बघून त्या खळखळून हसल्या. "भाऊजी! अग्गो बाई, या की!"

मग त्यांनी नजरेनं रांगेकडं दाखवलं. मुलींच्या मधोमध मुखेडकर सर उभे होते. पायजमा, वरचं बटण लावलेला शर्ट, जाड काळा चष्मा, हातात स्टीलचं ताट.

"कधी आले?" मी हळू आवाजात विचारलं.

"दिवाळीत. ऑपरेशन बिघडलं, दिसत न्हाई फारसं. तिकडं कोण बघणार? एसटीतून उतरून दारात उभे राहिले. मी म्हणले, राहा. पण ती गाडी इथं आणायची न्हाई. गाडी ठेवायची तर तिकडंच राहा."

मी रांगेत सरांजवळ गेलो आणि नाव सांगितलं. नावावरून नाही, आवाजावरून त्यांनी ओळखलं. "गणितवाले. अजून पाठच करून घेता का?"

"गाडी कुठंय, सर?"

"विकली. हैदराबादच्या एका शहाण्यानं नेली. चालवायची न्हाई म्हणे, बैठकीत ठेवणार. आत काय हाय ते एकदा तरी उघडून बघ म्हणलं, तर हसून राहिला."

मला त्यांची दया यायला हवी होती. मी वाट पाहिली, पण आली नाही. डोळे होते तोवर या माणसानं एका बाईला उंबऱ्यावर बसवून ठेवलं होतं, आणि तिच्या बाजूनं निवड केली ती डोळे गेल्यावर, दुसरं दार उरलं नाही म्हणून. ते दार तिनं उघडलं, हा तिचा मोठेपणा. त्यात सरांचं काही नव्हतं.

रांग पुढं गेली. सरांनी ताट पुढं धरलं. सुमनताईंनी भात घातला, वर वरणाची पळी ओतली. सरांनी ताट नाकाजवळ नेलं.

"हे वरण हाय का पाणी? डाळ शिजवताना प्रमाण बघत जा. किती जणींना किती..."

"पुढं सरका," सुमनताई म्हणाल्या.

"मी काय सांगून राहिलो ते तरी..."

"पुढं सरका. मागं पोरी थांबल्यात."

सरांच्या मागं एक चिमुरडी उभी होती, दोन वेण्या, भुकेनं कावलेली. तिनं आपल्या ताटाची कड सरांच्या कमरेला टेकवली आणि ढकललं. "सरका ना आजोबा."

सरांनी तोंड उघडलं. मला वाटलं, आता तिच्याही मेंदूचे दात झिजलेले निघणार. सुमनताईंनी पळी पातेल्यात बुडवली आणि त्यांच्याकडं न बघता पुढच्या ताटासाठी वर काढली.

सर सरकले.